अतिदक्षता विभागात हात कसा ठेवावा: नव्या परिचारिकांसाठी आश्वासक स्पर्शाचे मार्गदर्शन

अतिदक्षता विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेने पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट मुद्दाम मोजून पाहावी. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला एका पाळीत किती वेळा हात लागतो, आणि त्यांपैकी किती वेळा त्या हातामागून काहीही दुखत नाही? साखर तपासण्यासाठी बोटाला टोचणे, धमनीतून रक्त काढणे, ट्यूबमधून सक्शन करणे म्हणजे बारीक नळीने कफ ओढून काढणे, कूस बदलणे, चिकटपट्टी ओढून काढणे, तोंड स्वच्छ करणे, आणि दंडावर पुन्हा पुन्हा आवळणारा बीपीचा कफ, ही सगळी कामे आवश्यकच आहेत. पण त्यांचा परिणाम असा होतो की दोन-तीन दिवसांत रुग्णाचे शरीर एकच धडा शिकते: हात आला की दुखणार.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे न्यूमोनियाच्या एक आजी होत्या. ट्यूब होती, शुद्ध बऱ्यापैकी होती, बोलता मात्र येत नव्हते. ग्लुकोमीटरचा डबा हातात घेऊन कोणी त्यांच्या बेडकडे वळले की त्या मूठ आवळून घेत आणि अंगठा आत लपवत. तीन दिवस आम्ही सगळ्याजणी ती मूठ उलगडून, बोट ओढून साखर काढत होतो आणि चार्टवर आकडा लिहून पुढच्या बेडकडे जात होतो. चौथ्या दिवशी एका ज्येष्ठ सिस्टरांनी डबा बाजूला ठेवला, स्टूल ओढले, स्वतःचा पंजा उताणा करून आजींच्या मुठीखाली सरकवला आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. दीडेक मिनिटाने मूठ सैल झाली. साखर त्यांनी त्यानंतर काढली, टोचलेले बोट कापसाने दाबून धरले, आणि रक्त थांबल्यावरही हात लगेच सोडला नाही.

आश्वासक स्पर्श म्हणजे हा दुसरा हात. त्याला रुग्णाकडून काही काढून घ्यायचे नसते आणि काही घालायचेही नसते. तो मायाळू स्वभावाच्या परिचारिकांना आपोआप जमतो, असे समजण्याचे कारण नाही. सक्शन जसे शिकावे लागते तसाच तोही शिकावा लागतो, आणि चुकीच्या रुग्णावर किंवा चुकीच्या जागी केल्यास त्याने अपायही होतो.

अतिदक्षता उपचारांची सुरुवातच मुळात हातांनी झाली, हे नव्या माणसाला क्वचितच सांगितले जाते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना पुरतील इतकी यंत्रे नव्हती, आणि बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवून रबरी पिशवी हाताने दाबत त्यांना श्वास देण्यात आला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी आळीपाळीने, रात्रंदिवस, कित्येक आठवडे उशाशी बसून पिशव्या दाबत होते. पुढच्याच वर्षी त्या शहरात पहिला अतिदक्षता विभाग उभा राहिला. पिशवीचे काम यंत्राने घेतले ही चांगलीच गोष्ट झाली, पण उशाशी बसलेले माणूसही तिथून उठले. ती रिकामी झालेली जागा आता आपल्याला जाणीवपूर्वक भरावी लागते.

हात कोणत्या गतीने फिरावा

त्वचेतून मेंदूकडे जाणारे मज्जातंतू एकाच प्रकारचे नसतात. जाड आणि वेगवान तंतू स्पर्श कुठे झाला, किती दाबाने झाला हे सांगतात. त्यांच्याशिवाय लव असलेल्या त्वचेत काही बारीक, संथ तंतू असतात आणि ते हळुवार कुरवाळण्याला प्रतिसाद देतात. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर या गतीला ते जागे होतात, साधारण तीन सेंटिमीटरच्या आसपास सर्वांत जास्त, आणि तेही हाताचे तापमान त्वचेइतके उबदार असेल तेव्हा. कामापुरता याचा अर्थ असा की कोपरापासून मनगटापर्यंतचे अंतर पार करायला हाताला सात-आठ सेकंद लागले पाहिजेत. घरी स्वतःच्या हातावर घड्याळ लावून हे करून पाहावे. आपण एरवी रुग्णाच्या हातावरून किती घाईने हात फिरवतो ते तेव्हा कळते, कारण सात सेकंद प्रत्यक्षात फार मोठे वाटतात.

मात्र अशा स्पर्शाने मॉनिटरवरचे आकडे सुधारलेच पाहिजेत अशी अपेक्षा ठेवू नये. कधी नाडी थोडी संथ होते, कधी काहीच बदलत नाही. आकड्यासाठी हात धरणारी परिचारिका रुग्णाकडे पाहायचे सोडून मॉनिटरकडे पाहू लागते.

आधी फाइल, मग हात

पाळी बदलताना ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेतेवेळी प्रत्येक रुग्णाबद्दल स्वतःला विचारावे: याला कुठे हात लावायचा नाही? नव्या परिचारिकांच्या सर्वांत जास्त चुका याच पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिते.

धनुर्वाताच्या रुग्णाला स्पर्श, आवाज आणि प्रकाश यांपैकी कशानेही झटका येऊ शकतो. अशा रुग्णाजवळ जाऊन सहानुभूतीने कपाळावर हात ठेवणे म्हणजे त्याची पाठ धनुष्यासारखी ताणली जाण्याला आमंत्रण देणे होय. तिथे आपली काळजी वेगळ्या मार्गाने दाखवायची असते: खोली अंधारी आणि शांत ठेवायची, आवश्यक कामे औषधाचा अंमल असताना एकत्र उरकायची आणि उरलेला वेळ रुग्णाला हात न लावता सोडायचा. मोटारसायकलच्या अपघातात डोक्याला मार लागून मेंदूतील दाब वाढलेल्या रुग्णाचेही बरेचसे असेच. त्याची मान मध्यरेषेत आणि डोके उंच असते; सतत हाताळल्याने दाब आणखी चढतो, त्यामुळे डॉक्टरांनी हालचाल कमी ठेवायला सांगितली असेल तर कुरवाळणेही टाळावे.

गिलन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजारात रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, हातपाय हलत नाहीत, आणि अनेकांना हातापायांत तीव्र वेदना व झिणझिण्या असतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचे रुग्ण एकदम वाढले, तेव्हा हा आजार पूर्वी कधी न पाहिलेल्या अनेक परिचारिकांना त्याची शुश्रूषा करावी लागली. या रुग्णांत नुसती चादर घासली तरी आग होते असे सांगणारे असतात, आणि हात धरून ठेवा, सोडू नका, असे डोळ्यांनी विनवणारेही असतात. त्यामुळे येथे विचारल्याशिवाय काहीही ठरवता येत नाही.

डेंगीत प्लेटलेट उतरलेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या वृद्ध रुग्णाच्या त्वचेवर साध्या पकडीनेही काळे-निळे डाग उठतात. डायलिसिसच्या रुग्णाच्या फिस्टुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर दाब देऊ नये. मनगटात धमनीची लाइन, म्हणजे धमनीत बसवलेली बारीक नळी, असेल तर तो हात हातात न घेता खांदा निवडावा. टाच, माकडहाड किंवा डोक्याच्या मागचा भाग लाल झालेला असेल तर तिथे चोळू नये. रक्ताभिसरण सुधारेल या समजुतीने चोळण्याची पद्धत पूर्वी होती, पण त्याने आतल्या पेशींना आणखी इजा होते. कीटकनाशक प्यालेल्या रुग्णाचे कपडे उतरवून त्वचा आणि केस धुऊन होईपर्यंत नायट्राइलच्या हातमोज्यांशिवाय जवळ जाऊ नये, कारण ते विष त्वचेतून आपल्याही शरीरात जाते. हे शेतकरी रुग्ण ॲट्रोपिन या विषावरच्या औषधाच्या अमलाखाली बेभान बडबडत असतात आणि पोलीस केस असल्यामुळे पुष्कळदा त्यांच्याशी कोणी धड बोलतही नाही. अंग धुऊन झाल्यावर त्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात मला नेहमीच फार आवश्यक वाटत आला आहे.

हातांची तयारी

रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि नंतर हात स्वच्छ करणे हा नियम आश्वासक स्पर्शालाही तितकाच लागू आहे. हँडरबने, म्हणजे हातावर चोळायच्या जंतुनाशक द्रवाने, वीस ते तीस सेकंद, साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद. हँडरब लावल्यावर हात गार पडतात, म्हणून ते पूर्ण वाळेपर्यंत चोळावे आणि एसीच्या खोलीत आणखी क्षणभर तळहात एकमेकांवर घासून ऊब आणावी. अंगठी, घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. नव्याने लग्न झालेल्या मुलींना हिरवा चुडा उतरवणे जड जाते आणि ते मी समजू शकते, पण काचेच्या बांगडीखाली हात नीट धुतला जात नाही आणि म्हाताऱ्या माणसाच्या कागदासारख्या त्वचेवर तिचा ओरखडा उठतो. मंगळसूत्रही वाकल्यावर रुग्णाच्या छातीवर लोंबणार नाही असे आत घ्यावे.

निव्वळ हात धरण्यासाठी, नाडी पाहण्यासाठी किंवा बीपी घेण्यासाठी, रुग्णाची त्वचा अखंड असेल आणि संसर्गाची विशेष खबरदारी सांगितलेली नसेल, तर हातमोजे लागत नाहीत. अनेक नव्या परिचारिका पाळीच्या सुरुवातीला मोजे चढवतात आणि तेच मोजे घालून एका बेडवरून दुसऱ्या बेडवर जातात; त्यात स्वच्छताही नाही आणि ऊबही नाही. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे बेडवर खबरदारीची पाटी असेल तर मात्र गाऊन आणि मोजे सक्तीचे, त्यात तडजोड नाही. मोज्यातूनही हाताचा दाब आणि स्थिरपणा पोहोचतो. कोविडच्या काळात आम्ही दुहेरी मोज्यांतून हात धरले आणि रुग्णांनी ते ओळखले.

नाव, आवाज, चेहरा आणि शेवटी स्पर्श

हा क्रम कधीही बदलू नये. प्रथम रुग्णाला दिसेल अशा जागी उभे राहावे, नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, काय करणार ते सांगावे, आणि मग हात ठेवावा. भूल-औषधाची पातळी तपासतानाही आपण आधी पाहतो, मग हाक मारतो आणि प्रतिसाद नसेल तरच खांदा हलवतो. इथेही तेच तत्त्व आहे. मागून किंवा बाजूने, झोपेत असताना अचानक पडलेला हात भ्रमावस्थेतील रुग्णाला हल्ला वाटतो आणि तो हात झटकतो, ट्यूब ओढतो. मग आपण त्याचे हात बांधतो आणि भ्रम आणखी वाढतो.

नावाबाबत एक सूचना. केसपेपरवरचे पूर्ण नाव बहुतेक वेळा रुग्णाला परके वाटते. नातेवाइकांना पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे की घरी यांना काय म्हणतात. ‘अण्णा, मी सिस्टर आहे, तुमचा डावा हात हातात घेते,’ या वाक्यात जे आहे ते ‘पेशंट, डोळे उघडा’ यात नाही. वयाने मोठ्यांना काका, मावशी, आजी म्हणावे, पण अहो-जाहो सोडू नये. शुद्ध नसलेल्या माणसाला सहज अरे-तुरे करण्याची खोड विभागात लवकर लागते, म्हणून हे मुद्दाम सांगते. मराठी न समजणारा रुग्ण असेल, बांधकामावरचा बिहारी किंवा ओडिया मजूर असेल, तरीही बोलावे. शब्द कळले नाहीत तरी आवाज आणि हात एकत्र आले की हेतू कळतो.

जो काहीच हालचाल करत नाही त्याला काहीच कळत नाही, असे कधीही गृहीत धरू नये. मण्यार चावलेला रुग्ण याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, पहाटेपर्यंत पापण्या मिटतात, गिळता येत नाही, श्वास थांबत येतो, आणि व्हेंटिलेटरवर घेतल्यावर तो बोटसुद्धा हलवू शकत नाही. पाहणाऱ्याला तो खोल बेशुद्धीत वाटतो. प्रत्यक्षात त्याला सगळे ऐकू येत असू शकते आणि प्रत्येक सुई दुखत असू शकते. असा रुग्ण असेल तेव्हा मी बेडजवळ गेल्यावर प्रथम खांद्यावर हात ठेवते, एका बोटाने त्याची पापणी हलकेच उचलून माझा चेहरा त्याच्या नजरेसमोर आणते आणि सांगते की तुम्हाला मण्यार चावली आहे, शरीर विषामुळे हलत नाही, श्वास मशीन देत आहे, आणि याचा अंमल उतरतो. हे एकदा सांगून पुरत नाही, दर पाळीत सांगावे लागते.

परवानगीचेही असेच. शुद्धीतल्या रुग्णाने मान हलवली, पापणी मिटली, बोट दाबले तर ती परवानगी. शुद्ध नसेल तर त्याचे शरीर काय सांगते ते वाचावे.

हात ठेवण्याची रीत

सुरुवातीला तीन जागा पुरेत: हाताचा पंजा, कोपरापुढचा हात आणि खांदा. पंजा धरताना आपला हात वर ठेवून पकडण्यापेक्षा खाली सरकवावा. वरून धरले की रुग्ण अडकतो, खालून आधार दिला की नको असेल तेव्हा त्याला हात काढून घेता येतो. पूर्ण तळवा टेकवावा. नुसती बोटांची टोके फिरवली तर गुदगुल्या होतात किंवा अंगावर किडा फिरल्यासारखे वाटते. पहिले आठ-दहा सेकंद हात मुळीच हलवू नये. त्यानंतर कुरवाळायचे असेल तर वर सांगितलेल्या संथ गतीने आणि एकाच दिशेने.

या काळात नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असावी. न बोलणाऱ्या रुग्णाची वेदना मोजण्याची जी मोजपट्टी अतिदक्षता विभागात वापरली जाते, तिच्यात चार गोष्टी पाहतात: चेहऱ्यावरचे भाव, अंगाची हालचाल, स्नायूंचा ताठरपणा आणि व्हेंटिलेटरशी जुळणे. प्रत्येकी शून्य ते दोन असे एकूण आठ गुण असतात. हात ठेवल्यावर याच चार गोष्टी पाहाव्यात. कपाळाची आठी गेली, खांदा खाली आला, व्हेंटिलेटरचा अलार्म थांबला तर हात राहू द्यावा. आठी वाढली, हात ताठ झाला तर शांतपणे काढून घ्यावा आणि तसे सांगावे. गुण तीन किंवा अधिक असतील तर आधी वेदनाशामकाची सोय करावी. हात धरणे हे फेन्टानिलसारख्या वेदनाशामकाला पर्याय नाही, आणि औषध मागायला रात्री डॉक्टरांना उठवावे लागेल म्हणून हात धरून वेळ निभावणे हा रुग्णावर अन्याय आहे.

हात काढण्याचीही रीत आहे. ‘आता मी हात काढते, पलीकडच्या बेडवर औषध देऊन येते,’ असे सांगून, थोडा दाब देऊन मग काढावा. न सांगता नाहीसा झालेला हात, विशेषतः डोळे उघडू न शकणाऱ्या माणसाला, घाबरवतो.

डोक्यावरून हात फिरवण्याबद्दल मी सावध आहे. आपल्याकडे तो मोठ्याने लहानावर फिरवायचा हात आहे. तेवीस वर्षांच्या मुलीने सत्तर वर्षांच्या निवृत्त हेडमास्तरांच्या डोक्यावरून हात फिरवला तर काहींना ते लेकीसारखे वाटते, काहींना आपण अगदीच परावलंबी झालो असे वाटते. विचारून करावे. गालगुच्चा कोणाचाही घेऊ नये.

रोजच्या कामातच जागा करणे

एका परिचारिकेकडे दोन-तीन गंभीर रुग्ण असतात तिथे यासाठी वेगळा वेळ मिळत नाही, हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून नव्या परिचारिकेने वेगळा वेळ शोधू नये, हातात असलेल्या कामाच्या शेवटी अर्धा मिनिट ठेवावा.

सक्शनचे उदाहरण घ्या. आधी ऑक्सिजन वाढवतो, नळी आत घालतो, पंधरा सेकंदांच्या आत बाहेर काढतो. त्या पंधरा सेकंदांत रुग्णाला गुदमरल्यासारखे होते, डोळ्यांतून पाणी येते, चेहरा लाल होतो. आपण कफाचा रंग पाहतो, नळी टाकतो, मोजे काढतो आणि वळतो. वळण्याऐवजी हात स्वच्छ करून खांद्यावर ठेवावा आणि श्वास पुन्हा मशीनशी जुळेपर्यंत तिथेच थांबावे. मदतीला दुसरी सिस्टर किंवा मावशी असेल तर तिला सक्शन चालू असतानाच खांदा धरायला सांगावे. दुखवणारे काम संपवून लगेच पाठ फिरवू नये, एवढा एकच नियम पहिल्या महिन्यात पाळला तरी विभागातल्या बेडवर फरक दिसतो.

स्पंजिंग (अंग पुसणे) आणि बॅक केअर (पाठीची निगा) या कामांत तर स्पर्श मुबलक असतो, फक्त तो घाईचा असतो. पाणी कोमट असावे, एका वेळी एकच भाग उघडावा, बाकीचे अंग झाकलेले असावे, पडदा ओढलेला असावा. कूस वळवताना आधी सांगून, एक हात खांद्यावर आणि एक कमरेवर पूर्ण तळव्याने ठेवून वळवावे, म्हणजे पडण्याची भीती वाटत नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिकांनी हल्ल्यानंतर अचेतनावस्थेत गेलेली आपली सहकारी अरुणा शानबाग हिची १९७३ पासून २०१५ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत, तब्बल बेचाळीस वर्षे, शुश्रूषा केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात त्यांची मनापासून प्रशंसा केली. ती शुश्रूषा म्हणजे बहुतांशी हीच रोजची कामे होती: पुसणे, भरवणे, कूस बदलणे.

केसांचेही लिहिलेच पाहिजे. तीन आठवडे ट्रॅकिऑस्टॉमीवर (गळ्यातून श्वासनलिकेत बसवलेल्या नळीवर) असलेल्या एका ताईंच्या लांब केसांचा डोक्यामागे घट्ट गोळा झाला होता आणि ते कापावेत असे ठरत आले होते. दोन रात्रपाळ्यांत, कामे आटोपल्यावर, आम्ही दोघींनी थोडे थोडे तेल लावून, टोकाकडून वर येत तो गुंता सोडवला आणि डोक्याखाली दाब येणार नाही अशी एका बाजूला सैल वेणी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात उचलून वेणीचे टोक चाचपले आणि बराच वेळ बोटांत धरून ठेवले. दाखल झाल्यापासून त्यांनी स्वतःहून केलेली ती पहिली हालचाल आम्ही चार्टवर लिहिली.

हात बांधलेल्या रुग्णाजवळ आपण पूर्ण वेळ उभ्या असू तेव्हा, इन्चार्जला सांगून, एका बाजूचा पट्टा सोडावा आणि तो हात आपल्या हातात घ्यावा. ट्यूबकडे जाणारा हात त्याच पकडीत थोपवता येतो. पट्ट्याखालची त्वचा आणि बोटांचा रंगही तेव्हाच तपासून होतो.

मर्यादा

स्त्री रुग्णाजवळ ब्रदरची, म्हणजे पुरुष परिचारकाची, पाळी असेल तर स्पंजिंग, कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची निगा) अशा कामांना स्त्री कर्मचारी सोबत असावी, आणि आश्वासक स्पर्श हात व खांदा एवढ्यापुरताच ठेवावा. छाती, पोट, मांड्या या जागा त्यासाठी नाहीतच. काही माणसांना, पूर्वी काही भोगलेले असल्यामुळे, कोणाचाच स्पर्श सहन होत नाही. ती दगडासारखी निश्चल होतात आणि आपण त्या निश्चलतेला शांतता समजतो. श्वास रोखलेला आहे का, नजर वळवली आहे का, हे पाहावे. अशा वेळी बेडच्या कडेला हात ठेवून नुसते जवळ बसावे. आणि रुग्णाने आपल्याला नकोसा स्पर्श केला तर तो आजारी आहे म्हणून सोसायचा नसतो. हात बाजूला करून स्पष्ट शब्दांत सांगावे आणि इन्चार्ज सिस्टरांना त्याच पाळीत कळवावे.

नातेवाइकांना जागा देणे

भेटीच्या वेळी आलेला मुलगा बेडपासून दोन हात दूर, हात मागे बांधून उभा राहतो. त्याला वायर आणि नळ्यांची भीती वाटते. आपण त्याला हँडरब द्यावा, त्याचा हात धरून वडिलांच्या खांद्यावर ठेवून द्यावा आणि सांगावे, ‘इथे ठेवा, ही नळी तेवढी सांभाळा, आणि बोला.’ कित्येक मुलांनी जाणत्या वयात वडिलांना पाया पडण्यापलीकडे कधी स्पर्शच केलेला नसतो. पहिल्या मिनिटाला त्यांच्याजवळ थांबावे, नंतर बाजूला व्हावे.

आपल्या घरांत माया दाखवण्याची रीत म्हणजे पाय चेपणे, त्यामुळे बायको किंवा सून आल्या आल्या पोटऱ्या दाबू लागते. दीर्घकाळ पडून असलेल्या माणसाच्या पोटरीत रक्ताची गुठळी असू शकते आणि चेपल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रागावू नये, कारण समजावून सांगावे आणि तळपायावर नुसता हात ठेवायला सांगावा. अंगारा आणला असेल तर इन्चार्जच्या परवानगीने कपाळावर बोटभर लावू द्यावा, डोळे, जखम आणि ट्यूबपासून दूर. तीर्थ तोंडात घालू देऊ नये.

रुग्णाचा हात दाबला गेला की नातेवाईक विचारतात, ‘ओळखले का?’ इथे फार सांभाळून बोलावे. तळव्यावर स्पर्श झाला की बोटे मिटणे ही केवळ प्रतिक्षिप्त क्रियाही असू शकते. सांगितल्यावर दाबणे आणि सांगितल्यावर सोडणे, या दोन्ही गोष्टी झाल्या तर ते समजून केलेले, असे मानायला आधार असतो. मेंदूमृत ठरवण्याच्या चाचण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात, आणि त्या अवस्थेतही मज्जारज्जूमुळे हात किंवा पाय हलू शकतो. ही कल्पना नातेवाइकांना हात धरण्यापूर्वीच दिलेली असावी, म्हणजे अवयवदानाला होकार दिलेल्या आईच्या मनात त्या एका हालचालीने आयुष्यभराची शंका राहणार नाही. हात मात्र तिला अवश्य धरू द्यावा.

शेवटच्या तासांत हातपाय गार आणि निळसर होतात. घरचे कोणी वेळेवर पोहोचणार नसेल तर आपण हात धरावा. मृत्यूनंतर नळ्या काढताना, अंग पुसताना, डोळे मिटताना मी आजही आधीसारखेच नाव घेऊन सांगते.

नोंद आणि ओव्हर

स्पर्शाबद्दल जे कळले ते लिहावे, नाहीतर पुढच्या पाळीला सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ‘रुग्ण शांत’ असे लिहून काही कळत नाही. कोणत्या जागी, कशाच्या वेळी, काय झाले ते लिहावे: उजवा खांदा दुखतो, वळवताना डावीकडून धरा, मुलाच्या आवाजाने आणि हात धरल्याने झोप लागली, कपाळाला हात लावलेला आवडत नाही. पहिल्या आठवड्यात एक रुग्ण आणि त्याचे एकच काम निवडावे, आणि पाळी संपताना त्यावर एक ओळ लिहावी. त्या आजींच्या चार्टवर त्या दिवशी ज्येष्ठ सिस्टरांनी निळ्या पेनाने लिहिलेली ओळ अशी होती: ‘साखर काढण्यापूर्वी हात खालून धरणे. मूठ स्वतः उघडतात. डाव्या हाताची अनामिका सुजली आहे, तिथे टोचू नये.’